रुपालीचा ढगातला फोटो

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. ज्याची गोष्ट आहे त्या रजतनं तशी शपथ घातली होती, आणि मोबाइलवर अंगठ्यानं एवढं लिहायचं म्हणजे माझ्याही जिवावर येतं. पण बोरी अरबच्या बसस्टँडवर ही गोष्ट आता चार प्रकारांनी सांगतात. एका प्रकारात व्यापारी बेशुद्ध पडतो. दुसऱ्या प्रकारात नवरी कापसात हरवते ती दोन दिवस सापडत नाही. त्यापेक्षा जे झालं ते, जसं झालं तसं, एकदाचं लिहून टाकावं म्हटलं.

तर रजतनं आपल्या जिवलग मित्राच्या लग्नाचे सगळे फोटो उडवले होते.

फोटो होते चौदाशे. मित्र म्हणजे इंद्रजित, कंत्राटी लाइनमन. नवरी रुपाली, राळेगावची, नर्सिंग झालेली, हिशेबानं बोलणारी पोरगी. सकाळी विहारात पांढऱ्या साडीत लग्न लागलं, दुपारनंतर रिसेप्शन झालं, आणि त्यासाठी तिनं यवतमाळहून डाळिंबी रंगाचा गाऊन भाड्यानं आणला होता. अंगभर सोनेरी टिकल्या आणि मागं दोन मीटर शेपूट. रजतनं खुर्चीवर चढून, जमिनीवर झोपून, पंगतीत वाढप्यांच्या मधून घुसून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावात बारसं होतं. घाईघाईत त्यानं लग्नाचंच मेमरी कार्ड कॅमेऱ्यात टाकलं. कॅमेऱ्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. रजतनं 'येस' दाबलं. घाईत माणूस येसच दाबतो.

उरले ते एका मामाच्या मोबाइलमधले अकरा फोटो. नऊ फोटोंत नवरीच्या पुढ्यात तिची आत्या उभी. एकात नवरीचे डोळे मिटलेले. अकराव्यात नुसता मंडपाचा बांबू.

रुपाली भांडली नाही. भांडली असती तर रजत स्वस्तात सुटला असता. तिनं फक्त त्याचं नाव घेणं सोडलं. त्याच्या तोंडावर, तो समोर खुर्चीत बसलेला असताना, नवऱ्याला विचारायची, "ते फोटोवाले जेवून जातात काय?"

तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणी रोज विचारायच्या, फोटो टाक ना व. ही सांगायची, एडिटिंगले दिले. महिना झाला तेव्हा एकीनं लिहिलं, "पिच्चर काढून राह्यले काय तुह्या लग्नावर?"

मग एका सकाळी इंद्रजित रजतच्या स्टुडिओत आला. स्टुडिओ म्हणजे बसस्टँडच्या बाजूचं एक शटर, आत एक स्टूल आणि भिंतीवर रंगवलेला धबधबा. इंद्रजित त्या धबधब्याखाली बसला.

"रज्या, तिनं काल फ्रेम काढली. लग्नात आलेली मोठी. अन भिंतीले लावली."

"फोटो कोणता टाकला?"

"कोणताच नाई. रिकामी लावली. मी म्हटलं, काहून लावली व? तं म्हणे, राहू द्या, तुमच्या दोस्ताची आठवण रायते."

पहिलीपासूनचा दोस्त. दोघांनी एका सायकलवर शाळा केली, आणि आता त्या दोस्ताच्या घरी रोज सकाळी चहा पिताना समोर आपली चूक टांगलेली असणार, काचेसकट.

"पोस्ट वेडिंग करू," रजत म्हणाला.

"ते काय असते?"

"लग्नाच्या आधी काढते त्याले प्री म्हणते. आपलं राहून गेलं, आपण पोस्ट करू. तोच गाऊन, तोच मेकप. पण एकदम क्रिएटिव्ह. जिल्ह्यात कोणी काढला नसन असा फोटो देतो वहिनीले."

इंद्रजितनं घरी जाऊन सांगितलं. रुपालीनं दोन मिनिटं विचार केला, आणि निरोप पाठवला: मंगळवार. गाऊन मंगळवारीच मिळते, सहाच्या आत यवतमाळले वापस द्या लागते. सोमवारपासून मी ड्युटीवर. पुन्हा चान्स नाई. मले भिंतीवर लावाले एक फोटो पाह्यजे. एकच, पण माह्या लग्नाचा वाटला पाह्यजे.

मंगळवारी सकाळी सातला तिघं तलावावर गेले. मे महिना. तलावात पाणी होतं, पण ते म्हशींनी घेतलं होतं. रजतनं रुपालीला काठावर उभं केलं, शेपूट मागं पसरवलं, दहा पावलं मागं गेला, आणि एक म्हैस उठून त्या शेपटावर येऊन बसली. तिला उठवायला अर्धा तास गेला. मग ते वावरात गेले. वावरात पऱ्हाटीची, वेचून झालेल्या कपाशीची, धसकटं उभी होती. रुपाली चार पावलं चालली आणि गाऊन आठ ठिकाणी अडकला. इंद्रजित एकेक टिकली सोडवत मातीत गुडघ्यावर बसला होता, तेव्हा रजत ओरडला, "असाच राह्य! नवरदेव गुडघ्यावर! मस्त!"

"मस्त काय बे, काटा रुतला गुडघ्यात!"

बारा वाजेपर्यंत रुपालीचा मेकप गळ्यापर्यंत उतरला होता. ती बांधावर बसली, शेपटाची घडी करून मांडीवर घेतली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "याले क्रिएटिव्ह म्हणतात काय?"

आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. रजतनं वर पाहिलं. आभाळ कोरडं, पांढरं, एक ढग नाही. आणि तिथंच त्याच्या डोक्यात ते आलं.

"वहिनी, ढगात फोटो काढू. तुम्ही अन इंद्र्या ढगावर लेटलेले. लाल गाऊन, पांढरे ढग."

"ढग कुठी हायेत?"

"माह्या घरी हायेत."

इथं रजतच्या घराचं सांगितलं पाहिजे. लग्नाच्या आदल्या साली कापसाला हंगाम संपता संपता असा भाव आला, की आधी विकलेल्यांनी कपाळावर हात मारले. म्हणून लग्नाच्या साली कोणी विकलाच नाही. गावच्या गाव कापूस घरात घेऊन बसलं, आणि भाव जो खाली बसला तो उठायचं नाव घेईना. रजतचे वडील विठ्ठलराव त्यात सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या मधल्या खोलीत कापूस छपराच्या टिनापर्यंत गेला होता. पलंग त्याच्याखाली. टीव्ही त्याच्याखाली. रजतच्या आईचं, वच्छलाबाईचं, साड्यांचं कपाट जानेवारीपासून त्याच्याखाली. चार महिने ती बाई चार साड्यांवर होती. माणसं अंगणात झोपत आणि कापूस पंख्याखाली. विठ्ठलराव रोज सकाळी दार किलकिलं करून आत बघायचे, "राह्य बाप्पा," म्हणायचे आणि दार ओढून घ्यायचे. त्या खोलीत कोणी पाय टाकायचा नाही असा नियम होता. पाऊल पडलं की कापूस दबतो, मळतो आणि व्यापारी नाक मुरडतो.

आणि आणखी एक गोष्ट. घरात ठेवलेल्या कापसाला मे महिना लागला की त्यात डोळ्याला न दिसणारं काहीतरी होतं, आणि त्याला अंग लागलं की माणूस नखं घेऊन बसतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही माहीत आहे. रजतलाही माहीत होतं. रुपालीलाही होतं, राळेगाव काही कापसाच्या बाहेर नाही.

"पण खाजन ना?" तिनं विचारलं.

"पंधरा मिनिटं, वहिनी. पंधरा मिनिटात काय खाजते?"

घरी वच्छलाबाई अंगणात निंबाखाली बसून पाठ खोडाला घासत होत्या. विठ्ठलराव दारव्ह्याला भाव विचारायला गेले होते. मंगळवारी जायचे, दिवेलागणीला यायचे, आणि भाव विचारून न विकताच यायचे. वच्छलाबाईंनी रुपालीला वरपासून शेपटापर्यंत पाहिलं.

"बाई बाई, किती सुंदर दिसून राह्यली व! अन हे मागचं कोण धरते?"

"इंद्रजित धरतात, काकू."

"धरू दे, धरू दे. नंतर कोणी काही धरत नाई."

रजतनं भीत भीत ढगाचं सांगितलं. त्याला वाटलं माय नाही म्हणेल. वच्छलाबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः खोलीची कडी काढली.

"लोळा, पोट्टेहो. चांगले लोळा. दबला, मळला तं तरी तो माणूस विकन एकदाचा."

खोलीत शिरल्याबरोबर रजतला वाटलं, आपण जिंकलो. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती. पांढऱ्या गंजीवर रुपालीचा डाळिंबी गाऊन असा पसरला की इंद्रजित बघतच राहिला, आणि बायकोकडे असं बघताना पकडला गेला म्हणून लाजला. कापूस त्याच्या तोंडात गेला. रजत एक पाय खिडकीत, एक पाय दाराच्या कडीवर ठेवून फोटो काढू लागला.

"वहिनी, असं समजा तुम्ही ढगातून खाली उतरून राह्यल्या."

"मंग हसू का भेऊ?"

"थोडं थोडं दोन्ही. इंद्र्या, तू कापूस उधळ. वर. वर बे! तिच्या डोयात नाई!"

रुपालीला स्वतःला हलकं हसू आलं. आल्यापासून पहिलं. रजतनं ते बघितलं आणि आणखी दहा मिनिटं मागितली. मग आणखी दहा. पंधराची चाळीस झाली. इंद्रजितनं मान खाजवली. रुपालीनं कोपर खाजवलं. रजत म्हणाला, शेवटचा, शेवटचा. आणि तेवढ्यात अंगणात विठ्ठलरावांच्या मोटरसायकलचा आवाज आला. मागं एक जीप.

वच्छलाबाई पळत दारात आल्या. त्यांचा चेहराच बदलला होता.

"रज्या, तुह्या बापानं शंकरसिंगले आणलं! इकून राह्यला तो!"

शंकरसिंग म्हणजे गावोगाव फिरून घरातूनच कापूस उचलणारा व्यापारी. दारव्ह्यात कोणीतरी सांगितलं की पावसाच्या आधी भाव आणखी पडणार, आणि विठ्ठलरावांनी घाबरून, आयुष्यात पहिल्यांदा, दिवेलागणीच्या आत निर्णय घेतला होता.

"आम्ही निंघतो, काकू," इंद्रजित उठू लागला.

"निंघतो कुठी? दारात उभे हायेत ते! त्यानं पाह्यलं का कापसात माणसं लोळून राह्यली, तं घेईन काय तो?" मघाशी लोळा म्हणणाऱ्या त्याच वच्छलाबाई. "चार महिन्यानं माह्या खोलीतून कापूस निंघून राह्यला. दबा! कोणी शिंकलं तं पाय मोडीन!"

आणि त्यांनी नवरा-नवरीला भिंतीकडं ढकललं आणि दोन हातांनी त्यांच्यावर कापूस लोटला. रुपालीचं तोंड तेवढं एका फटीत राहिलं. रजत गंजीवर सरपटत वर गेला आणि टिनाखाली पालथा पडला, कॅमेरा छातीखाली. टीन तव्यासारखं तापलं होतं. वच्छलाबाईंनी दाराशी उभं राहून पदर डोक्यावर घेतला, जशी काही पूजाच चालली होती.

विठ्ठलराव आत आले. त्यांच्यामागं शंकरसिंग, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"पाहा," विठ्ठलराव म्हणाले. "आंग धुतल्याबिगर मी हात लावत नाई याले. घरच्या माणसालेबी पाय ठेवू देत नाई."

"ते तं दिसून राह्यलं," शंकरसिंग म्हणाला. "पण विठ्ठलराव, हे लाल काय हाये?"

रजतनं वरून बघितलं. गाऊनच्या शेपटाचं हातभर टोक बाहेर राहिलं होतं.

"माही साडी हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "वाळू घातली."

"कापसात?"

"कापसात लवकर वाळते."

विठ्ठलरावांनी बायकोकडं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात ही टिकल्यांची साडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण व्यापाऱ्यासमोर घरातलं काय काढायचं, म्हणून ते गप्प राहिले. नुसते गप्प राहिले नाहीत, "हो, वाळते," असंही म्हणाले.

रजतला मानेवर पहिली खाज तेव्हा सुटली. मग कानामागं. मग जिथं हात पोचत नाही अशा दोन जागांवर एकदम. त्यानं दात आवळले. खाली गंजी एका जागी बारीक बारीक थरथरत होती, दुधाला उकळी येताना थरथरते तशी. तिथं इंद्रजित होता.

शंकरसिंगनं बाही आणखी वर केली. वरचा कापूस कोणीही चांगलाच ठेवतो, व्यापारी पोटातला बघतो. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर कापूस काढला. तळहातावर पसरला. त्यात तीन सोनेरी टिकल्या चमकत होत्या.

"विठ्ठलराव?"

"काय?"

"तुमच्या कापसाले टिकल्या आल्या."

विठ्ठलरावांनी वाकून बघितलं. त्यांना काही कळलं नाही, पण कापसाच्या बाबतीत त्यांनी आजवर कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"नवीन बी हाये," ते म्हणाले.

"कोणत्या कंपनीचं?"

"सांगत नसते ते."

शंकरसिंगनं टिकल्या खिशात टाकल्या, आणि आता खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ तो आत चाचपत होता. मग त्याचा हात थांबला. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"विठ्ठलराव, आत गरम हाये काही."

"मे महिना हाये. कापूस गरमच रायते."

"मोठं हाये."

"दाबून भरला, गठ्ठा झाला असन."

"विठ्ठलराव," शंकरसिंग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "याले बोटं हायेत."

त्यानं पायाच्या तळव्यावरून बोट फिरवलं असावं. इंद्रजितचा पाय कापसातच झटकला गेला तो रुपालीच्या पोटरीला लागला. आणि गेली पंचवीस मिनिटं जी पोरगी दात ओठ आवळून, बोट न हलवता, त्या उकाड्यात आणि त्या खाजेत एका फोटोसाठी पडून होती, तिचं सगळं एकदम संपलं.

"आई व!"

गंजी फुटली. पांढऱ्यातून डाळिंबी उसळली. रुपाली उभी राहिली ती दोन्ही हात पाठीमागं वळवून कचाकचा खाजवत, तोंड वासलेलं, केसांत सरकी, खांद्यावर कापूस, आणि भोवती सगळं घरभर उडालेलं. शंकरसिंग "बाप्पा रे!" करून मागं गेला तो थेट विठ्ठलरावांच्या मांडीवर बसला, कारण विठ्ठलराव त्याच्या आधी खाली बसले होते. वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला. भीतीनं नाही, हसू आवरेना म्हणून. आणि त्याच क्षणी वर टिनाखाली लख्खकन उजेड पडला.

तो उजेड म्हणजे रजतच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश. बसस्टँडवर सांगतात की रजतनं नेम धरून फोटो काढला. काही नेमबीम नाही. तो बगल खाजवायला हात नेत होता आणि बोट बटनावर पडलं.

कापूस हळूहळू खाली बसला.

"रज्या!" विठ्ठलरावांनी मांडीवरच्या शंकरसिंगला बाजूला सारलं. "तुह्या तं मी..." आणि त्यांनी जे सुरू केलं ते मी इथं लिहीत नाही. पण अर्ध्यावर ते थांबले. त्यांची नजर रुपालीवर गेली.

"हे कोण?"

"बाबा, इंद्र्याची बायको."

"धर्मपालची सून?"

रुपालीनं डाव्या हातानं पाठ खाजवणं चालू ठेवलं आणि उजवा हात कपाळाशी नेला. "जयभीम, काका."

"जयभीम, जयभीम, बाई," विठ्ठलराव गडबडले. धर्मपाल, म्हणजे इंद्रजितचे वडील, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या पोराच्या लग्नाला विठ्ठलराव गेले नव्हते, कारण कापूस सोडून जायचं कसं? तेव्हापासून धर्मपालच्या घरावरून जाताना ते मान खाली घालत. आणि आता त्याच घरची नवी सून पहिल्यांदा उंबरठ्यात आली, तर तिच्या कानावर पहिली काय पडली तर शिवी. विठ्ठलरावांना आपलीच लाज वाटली.

"बस बाई, बस. वच्छला, पाणी दे. अन नव्या सुनेले रिकाम्या हातानं पाठवाचं नाई. साडी काढ एक."

"साड्या कुठी हायेत?" वच्छलाबाई म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी कापसाकडं पाहिलं. साड्या कापसाखाली. कपाटाच्या वर तीस क्विंटल.

तोवर शंकरसिंग अंगणात जाऊन उघडा झाला होता आणि शर्टानं हात घासत होता. खाज बोटांपासून सुरू होऊन खांद्याला पोचली होती. "विठ्ठलराव, कापूस चांगला हाये तुमचा," तो तिथूनच ओरडला. "पण पयले उन्हात टाका अन टिकल्या निवडा. माणसं असतीन आणखी, तं तेबी काढा. मंग बलवा मले." आणि जीप निघून गेली.

वच्छलाबाई उंबरठ्यावर मटकन बसल्या. चार महिन्यांची आशा जीपच्या धुरात गेली होती. विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावर मात्र अशी शांतता पसरली, की रजतनं बापाला इतकं सुखी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "आजचा दिवस इकाचा नोहोय." मग रुपालीकडं वळले. "साडी नाई, तं नाई. नव्या संसाराले गादी लागते. गादीपुरता कापूस ने, बाई. घरचा हाये."

"नको, काका," रुपाली, इंद्रजित आणि रजत एकदम म्हणाले.

"नको कसं? पयल्या खेपेले आली तू."

आणि इथं वच्छलाबाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. त्यांनी दांडीवरची चादर ओढली, अंथरली, आणि दोन्ही हातांनी कापूस भरू लागल्या.

"एका गादीनं काय होते? दोन कर, माय. उशा कर."

"वच्छला, पुरे."

"पुरे कसं? पाव्हणे येतीन तिच्या घरी." दुसरी चादर. "थंडी पडते. रजई कर." तिसरी. विठ्ठलरावांचा जीव तीळ तीळ तुटत होता, पण नव्या सुनेला देताना हात आखडायचा कसा? ते नुसते प्रत्येक मुठीला एकेकदा डोळे मिटत होते. चौथ्या गाठोड्याला कपाटाचं एक दार दिसू लागलं, तेव्हा वच्छलाबाई थांबल्या.

त्यानंतर निंबाखाली पाच जणांनी मिळून गाऊनवरचा कापूस वेचला. विठ्ठलरावांनी स्वतः वेचला, एकेक पुंजका, आणि परत गंजीत नेऊन टाकला. इंद्रजितनं मोटरसायकल अशी हाणली की गाऊन सहाला दहा मिनिटं कमी असताना यवतमाळला पोचला. तिथला दुकानदार दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून घरी आंघोळी करत बसला होता म्हणतात. ते खरं की खोटं, मला माहीत नाही.

इंद्रजित परत आला तेव्हा तिघं त्याच्या घरी बसले. रुपालीनं नर्ससारख्या खाजेच्या गोळ्या वाटल्या आणि कापसाच्या बोळ्यानं गुलाबी औषध लावायला घेतलं. मग बोळ्याकडं पाहिलं, तो फेकून दिला आणि बोटानंच लावू लागली. रजतला सगळ्यात शेवटी. मग तिनं हात पुढं केला.

"कार्ड."

"वहिनी, मीच लॅपटॉपवर..."

"कार्ड माह्या हातात द्या."

तिनं स्वतः कार्ड लावलं. ढगातले फोटो एकामागून एक येऊ लागले. चांगले होते, पण कसे? रुपाली ढगातून उतरते आहे, आणि खाली कोणीतरी कडू औषध घेऊन उभं आहे असा चेहरा. इंद्रजित कापूस उधळतो आहे, म्हणजे कोंबड्यांना दाणे टाकतो आहे. साठ फोटो. सत्तर. रुपाली नुसतं बटन दाबत होती. रजतला भिंतीवरची रिकामी फ्रेम दिसत होती.

मग शेवटचा आला.

पांढऱ्या वावटळीच्या मधोमध डाळिंबी गाऊन, प्रत्येक टिकली पेटलेली. रुपाली दोन्ही कोपरं आभाळात, पाठ खाजवत, डोळे गच्च मिटून, मोठ्ठ्यानं ओरडताना. एका बाजूला शंकरसिंग हवेत बसलेला, अजून मांडीवर पोचायचा. त्याच्याखाली विठ्ठलरावांनी पसरलेले हात. दारात पदराआड हसणारी वच्छलाबाई.

"वहिनी, तो चुकून आला," रजत घाईनं म्हणाला. "डोये मिटले तुमचे. मी डिलीट..."

"हात लावान तं पाहा!"

रुपाली वाकून बघत होती. तिचे खांदे हलायला लागले. रजतला वाटलं, रडते. इंद्रजितला वाटलं, खाजते. ती हसत होती. हसता हसता ती पलंगावर आडवी झाली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा स्क्रीनकडं बघितलं आणि पुन्हा सुरू झाली.

"हाच," ती म्हणाली. "रजतभाऊ, हाच मोठा करून द्या."

"पण वहिनी, लग्नाचा वाटत नाई हा."

"काहून नाई? गाऊन हाये, पाव्हणे हायेत, गोंधळ हाये, काकू हसून राह्यल्या. आणखी काय रायते लग्नात?" आणि तिनं तिथल्या तिथं फोटो मैत्रिणींना पाठवूनही दिला. त्या दिवसापासून एडिटिंगचं कोणी विचारलं नाही.

रजत बाहेर ओट्यावर आला तेव्हा त्याला रडू येईल असं वाटत होतं. इंद्रजित त्याच्यामागं आला. त्याचं तोंड मात्र उतरलेलं होतं.

"रज्या, खरं सांग. त्या फोटोत मी कुठी हावो?"

रजतनं मोबाइल काढला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डावीकडं, खाली, कापसातून एक पाय बाहेर आलेला होता. अंगठा वर.

"हा."

इंद्रजितनं त्या पायावर बोट ठेवलं. "लग्न माह्यं झालं बे. अन फोटोत अख्खा शंकरसिंग हाये. उद्या घरी पाव्हणे आले अन म्हणाले, हाच काय नवरदेव? तं मी काय सांगू?"

रजतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खाजत होता, म्हणून इंद्रजितनं तो हात तिथंच दाबून धरला.

"इंद्र्या, वचन देतो तुले," रजत म्हणाला. "फोटो मोठा करतो तवा त्या पायाखाली तुह्यं नाव टाकतो. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. अन लहान पोरालेबी समजन असा बाण मारतो."

"अन शंकरसिंग?"

"त्याच्यावर लिहितो, 'पाव्हणा'."